बद्द कवेलू

एकोणीसशे छत्तीसचा वैशाख सरत आला होता आणि दवनीवाड्यात घरोघर कवेलू, म्हणजे छपराची कौले, फेरण्याची घाई चालली होती. छपरावरची जुनी कवेलू उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, उरलेली पुन्हा ओळीने रचायची. उदाराम मिस्त्रीच्या हाताखाली शालीकराम हे काम काही उन्हाळे शिकत होता. यंदा मात्र धुरपताबाईंचे घर त्याने एकट्याने फेरले. म्हातारा उदाराम नुसता खालून कवेलू देत राहिला.

रीत अशी होती की, शिकणाऱ्याने फेरलेल्या छपराखाली उस्तादाने खाट टाकून आडवे व्हायचे आणि शिकणाऱ्याने आढ्यावरून घागरभर पाणी ओतायचे. उस्ताद कोरडा उठला, तर हात सुटला. मग पोराने कुठेही आपल्या नावावर काम धरावे.

शालीकरामला हात सुटायला हवा होता, आणि आजच. गोंदियातल्या एका राइस मिलवर मंगळुरी कवेलू चढत होती. तिथल्या मुकादमाची, मुन्नालालची, बैलगाडी सकाळीच गावात आली होती. हात सुटलेल्यालाच तो गाडीत घेणार होता. हे गाव शालीकरामला आखूड झालेल्या सदऱ्यासारखे काचू लागले होते. अंथरुणावर पडले तरी पाय कुठेतरी चालतच असत.

सकाळी त्या बैलांची घुंगरे कानी पडली, तेव्हा तो बोटाच्या पेराने एकेक कवेलू वाजवून पाहत होता. चांगले कवेलू खणखणते. हातातले ते मात्र बद्द वाजले. केसाएवढी चीर असावी. ते टाकून द्यायचे, हे हाताला ठाऊक होते. पण मन वाटेला लागले होते. त्याने ते उताण्या ओळीत, जिथून पाणी वाहते नेमके तिथे, ठेवले आणि वरून पालथी ओळ दाबली. आता ते कुणालाच दिसत नव्हते. शालीकरामला मात्र साऱ्या छपरावर तेवढेच दिसत होते.

घागर घेऊन तो आढ्यावर बसला. जरा डावीकडे झुकवली, की पाणी दुसऱ्याच ओळीने निघून गेले असते.

"अगा, पाणी वतून रायलास का नवस बोलून रायलास?" अंगणातून धुरपताबाई ओरडल्या. "तिकडं मुन्नालालचे बैल उभ्यानं झोपले ना!"

त्याने डोळे मिटले आणि घागर नेमकी त्याच ओळीवर रिती केली.

घरात काही हलले नाही. मग उदारामचा आवाज आला, "कोरडा हाव गा! सुटला तुया हात!"

शालीकराम शिडीवरून जवळजवळ घसरतच उतरला. उदाराम खाटेवर उठून बसला होता. त्याच्या बंडीचा एक खांदा भिजलेला होता.

"काकाजी, हे वलं?"

"घाम होय."

"घाम एकाच खांद्याले येते का जी?"

उदाराम हसला नाही. "सकाळी बद्द वाजलं, ते मले खालून आयकू आलं. म्हणून खाट तेथंच टाकली. पाणी दुसरीकडं वततेस का, पाहून रायलो होतो. नाही वतलास."

"मंग खोटं कायले बोललेत?"

"तुयं मन कवाचंच गोंदियाले गेलं. नुसते हात ठेवून घेऊन मी काय करू?"

बाहेरून मुन्नालालची हाक आली, "अरे, चलना है कि नहीं? बैल जोत दिए!"

शालीकराम दारात थांबला. वाट समोर होती, मोकळी. तो शिडीकडे वळला.

"एक कवेलू देजा, काकाजी."

उदारामने ढिगातून एक उचलले, वाजवले आणि वर दिले. शालीकरामने पालथी ओळ उकलली, चिरलेले कवेलू काढून अंगणात टाकले, नवे बसवले. घुंगरे हलली, गाडी निघाली. त्याने मान वर केली नाही. मग त्याने शेजारचे कवेलू उचलून वाजवले. मग त्याच्या शेजारचे.

"आता कायचं वाजवून रायलास गा?" धुरपताबाई म्हणाल्या. "झालं ना बदलून!"

घुंगरे ऐकल्यानंतर लावलेले प्रत्येक कवेलू त्याला पुन्हा वाजवून पाहायचे होते.