वाचनालयाचा संस्थापक

आमच्या सोसायटीचं बालवाचनालय मी सुरू केलं, असं इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशात लिहिलं होतं. साफ खोटं. ते माझ्या बायकोनं, शुभानं सुरू केलं. मी फक्त लोखंडी कपाट मीटररूमशेजारच्या खोलीत नेलं होतं, आणि तेही कुरकुरत.

हा ज्ञानकोश कुणीही लिहावा, कुणीही सुधारावा, अशातला. शेजारच्या गंधालीनं त्यात मुलुंडच्या वाचनालयांवर एक पान लिहिलं. लहानपणी ही पोरगी शुभाकडून गोष्टींची पुस्तकं न्यायची. शुभा गेल्यापासून मी दार लावून बसतो, म्हणून मला जरा बरं वाटावं हा तिचा हेतू. मोबाइल नाचवत आली.

"काका, फेमस झालात! हे बघा ना. चैत्रबन बालवाचनालय, संस्थापक शरच्चंद्र गुप्ते."

"अगं, पण हे चूक आहे. काकूचं नाव हवं."

"मी सोसायटीच्या जुन्या स्मरणिकेतून घेतलंय. चुकलं असेल तर तुम्हीच बदला की. कुणालाही बदलता येतं."

तिनं मला खातं उघडून दिलं आणि थोड्याच दिवसांत नोकरीसाठी बंगळुरूला गेली. जिन्यात थांबून विचारपूस करणारं उरलंसुरलं माणूसही गेलं.

मी माझं नाव खोडून शुभाचं लिहिलं. चहा करून येतो, तर पुन्हा माझंच. परत खोडलं, परत माझंच. अनय नावाचा कुणी संपादक माझ्या मागे हात धुऊन लागला होता. पानाच्या चर्चेत मी त्याला लिहिलं, "अहो, मीच तो शरच्चंद्र गुप्ते. मीच सांगतोय ना, मी काही केलेलं नाही!"

उत्तर आलं, "सर, ते तुम्हीच, हे आम्हाला कसं कळणार? आणि असलात तरी स्वतःबद्दल, घरच्यांबद्दल लिहिलेलं चालत नाही. छापील संदर्भ द्या."

मी तापलो. जिच्याबरोबर जन्म काढला, तिच्याबद्दल मी सोडून कुणीही बोललेलं चालेल, असा हा न्याय! मग स्टुलावर चढून माळ्यावरून ती स्मरणिका काढली. निम्म्या जाहिराती, निम्मे हळदीकुंकवाचे फोटो. वाचनालयावरचा लेख सापडला. संस्थापक मीच. आणि लेखाखाली नाव, सौ. शुभा गुप्ते.

मग सगळं आठवलं. जेवणाच्या टेबलाशी बसून तिनं तो लिहिला होता. म्हणाली होती, "संस्थापक म्हणून तुमचंच नाव घालते हं. बायकांचं खूळ म्हटलं की कमिटी खोली काढून घेईल. गुप्तेसाहेबांचं म्हटलं की गप्प बसतील." आणि कमिटी खरंच गप्प बसली. तेव्हा चालायचंच तसं. राबायचं बाईनं आणि पाटी नवऱ्याची.

हे सगळं मी अनयला कळवलं. त्यानं विचारलं, "म्हणजे लेखिका स्वतः सांगतात की संस्थापक तुम्ही. तुमचं म्हणणं, त्यांनी खोटं लिहिलंय?"

हो म्हणायला माझं बोट उठेना. गेलेल्या बायकोला परक्यासमोर खोटी कशी पाडू? "काय करून ठेवलंस गं हे?" मी तिच्या फोटोला विचारलं. मोठ्यानं विचारलं, आणि घरात दुसरा आवाज नाही म्हणून मलाच कसंतरी झालं. रडलो. लाज कसली, बघायला होतं कोण?

तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला पेपरात फोटो दिला. खाली मुद्दाम छापलं, 'चैत्रबन बालवाचनालयाची संस्थापिका'. त्याचं कात्रण अनयला पाठवलं.

"सर, पैसे भरून छापलेली जाहिरात धरता येत नाही," त्यानं लिहिलं. खाली आणखी एक ओळ होती. "काकू गेल्याचं वाचून वाईट वाटलं. सॉरी."

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. गंधाली गेल्यापासून माझ्याशी इतकं कुणी बोललंच नव्हतं, आणि बोललं ते हे भांडकुदळ कार्टं. त्याचा राग आता येईना.

मी विचारलं, "तिचं नाव घालता येत नसेल, तर निदान माझं काढता येईल?"

"ते चालेल. वाद असलेलं नाव गाळता येतं."

त्यानं ते काढलं. आता तिथे एवढंच आहे, 'चैत्रबन सोसायटीत एक बालवाचनालय आहे.' कुणी सुरू केलं, कुणी कपाट उचललं, काही नाही. दारावरच्या पाटीवर, सोसायटीच्या बिलावर, रेशनकार्डावर, वर्षभर जिथे बघावं तिथे मी एकटा उरलो आहे. त्या ओळीत मात्र ती नाही, आणि आता मीही नाही. तिथे तरी तिच्यामागे मी एकटा उरलो नाही.