बारा कशाचे?

"बाबा, बोअरच्या पाण्याचं नायट्रेट मीटरवर बारा आलंय. मर्यादा पंचेचाळीस ना? मग बाळाची बाटली याच पाण्यात करू?"

फोनचा स्पीकर चालू होता. लेक नव्या घरी राहायला गेली होती. बाळ दोन महिन्यांचं, अंगावरचं दूध पुरत नव्हतं. बाबांनी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढली. गल्लीत अजून त्यांना 'पीपीएमकाका'च म्हणत. पण वर्षभरापासून एकेक गोष्ट त्यांच्या मनातून निसटू लागली होती. काल हातात चष्मा घेऊन बसले, त्याला म्हणतात काय तेच आठवेना.

"बारा कशाचे?" त्यांनी विचारलं. "नायट्रेटचे, की त्यातल्या नुसत्या नायट्रोजनचे?"

"थांबा हं... नायट्रेट, पुढे बारीक रेघ आणि एन."

"म्हणजे नायट्रोजन. मग त्याला गुणायचं..." ते अडले. बोटं मांडीवर आपटू लागली. "गुणायचं त्या... असतो गं एक आकडा."

"बाबा, लवकर सांगा. रडून लाल झालंय हे. ओतू ना?"

जप अर्धा सोडून आई कधी उठली नव्हती. आज तिने माळ तशीच खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली. आकडा तिच्या जिभेवर होता. पण तो आपण सांगितला तर यांचा चेहरा कसा उतरेल, हेही तिला ठाऊक होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "दाढी करताना तुम्ही चार पॉइंट त्रेचाळीस असं काहीसं पुटपुटायचात. ते हो कशाचं?"

"धन्य आहेस! एवढा संसार केलास माझ्याशी आणि हे माहीत नाही? नायट्रोजनला त्याने गुणलं की नायट्रेट! बारा चोक अठ्ठेचाळीस, वरचे पाच... त्रेपन्न!" ते फोनवर ओरडले, "ओतू नकोस! त्रेपन्न आहे!"

"अगं बाई! मग उकळून घेऊ?"

"उकळून वाढेल उलट. पाणी उडून जातं, हे मागे राहतं. बाळासाठी विकतचं आण."

"आत्ता आणते. ठेवते, बाबा."

बाबा खुशीत मागे रेलले.

"चौकस आहे पोरगी. ओतायच्या आधी विचारलं. कुणाची गं?"

आईने त्यांच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावलं. मग म्हणाली, "तुमचीच."

"तरीच," बाबा म्हणाले आणि गालातल्या गालात हसले.