लाल ठिपक्याची बाजू

आदितीचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आम्हा दोघींना घरी आणलं त्या दिवशी तिनं मला भिंतीशी टेकवून ठेवलं, आणि त्या दुसरीला मांडीवर घेऊन मऊ फडक्यानं पुसत बसली. जसं काही बारशाचं पोरच.

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. तुमचे आज्जा-आज्जी मला रेकॉर्ड म्हणतील. रंगानं काळी, आकारानं बशीपेक्षा थोडी मोठी, आणि दोन्ही अंगांना एकेक गाणं. गाणं जिचं आहे त्या बाईचं तोंड मी कधी पाहिलं नाही. पण पिन टेकल्यावर, गाणं सुरू व्हायच्या आधी, जी खरखर होते ना, ती मात्र माझी. तेवढंच माझं स्वतःचं बोलणं.

लांबच्या एका कारखान्यात काळा मऊ गोळा दोन तापलेल्या साच्यांत दाबला आणि मी झाले. तिथून मला आणलं कोडोलीच्या जोतीराम कर्णेवाल्यानं. लग्न कुठंही असो, मांडवाच्या खांबाला एक कर्णा आणि जवळच्या झाडाला दुसरा बांधायचा, आणि मशीनवर मला ठेवायचा. शाहूवाडीच्या डोंगरातली लग्नं मी वाजवली, शिरोळच्या उसातली वाजवली. कर्ण्यातून माझं गाणं निघालं की तीन शेतांपलीकडची माणसं हातातलं काम ठेवून अंगावर धुतलेले कपडे चढवायची.

शाळेची माझी बोंबच. जोतीरामलाही अक्षर बेताचंच येत होतं, आणि माझ्यावरची अक्षरं तर त्याच्या घामट बोटांनी केव्हाच पुसून गेली होती. मग त्यानं बायकोची, शालूबाईची, नेलपॉलिशची बाटली घेतली आणि माझ्या एका अंगाला लाल ठिपका दिला. ठिपक्याची बाजू हळदीची. बिनठिपक्याची बाजू पाठवणीची. मुलीनं उंबरा ओलांडल्याशिवाय तो बिनठिपक्याची बाजू लावायचा नाही. कुणी फारच हट्ट धरला तर मशीन तापलंय म्हणून सांगायचा. आणि ती बाजू लागली की मांडवातली एक बाई कोरड्या डोळ्यांची राहायची नाही. कोडोलीत म्हणायचे, जोतीरामचं गाणं लागलं, आता डोळ्याला पदर लावा.

मग कॅसेट आल्या. त्यांच्या मागून छाती हादरवणारी मोठी खोकी आली. मला पेटीत घातलं ते घातलंच. जोतीराम गेला, पोरांनी पेटी भंगारात दिली, आणि मी कोल्हापूरच्या जुन्या बाजारात येऊन पडले. शेजारी गंजलेली कुलपं, खिळे आणि एका काडीचा चष्मा. इतक्या मांडवांची मी मानकरीण, आणि ही माझी पंगत.

तिथं दर रविवारी ही आदिती यायची. शिकलेली, कॉम्प्युटरवर नोकरी करणारी मुलगी. विसरलेली, कुणी न ऐकलेली गाणी शोधायचा तिला नाद. खाली बसून, हात काळे करून, एकेक रेकॉर्ड उन्हात तिरकी धरून बघायची. नाद चांगला आहे, त्याला मी नाव ठेवत नाही. तिनं घेतली मात्र ती दुसरी. आणि बाजारवाल्यानं, भाजीवर कोथिंबीर टाकावी तशी, मला वर फुकट टाकली.

त्या दुसरीचं ऐका आता. तिचं गाणं गाणारी कोण, कुठली, कुणाला पत्ता नाही. कुणी विकतच घेतली नव्हती, म्हणून चाळीस वर्षं एका दुकानाच्या माळ्यावर झुळझुळीत कव्हरात बसून राहिली. अंगावर ओरखडा नाही. यालाच आदिती दुर्मिळ म्हणते. आवाज गोड आहे तिचा, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा वाजली तेव्हा मीसुद्धा गप्प झाले. पण तिच्यावर कुणी नाचलं नाही, तिच्यावर कुणी रडलं नाही. माझ्यावर इतकी माणसं रडली की मी झिजले, आणि झिजले म्हणून स्वस्त झाले. हा कुठला न्याय?

पुढचं तर सांगायलाच लाज वाटते. आदितीच्या मैत्रिणीचा, मोनाचा, वाढदिवस जवळ आला होता. आदितीनं माझं भिंतीवरचं घड्याळ करायचं ठरवलं. मधलं भोक मोठं करायचं, काटे बसवायचे आणि गाण्याच्या रेघांवर बारा आकडे चिकटवायचे. सकाळी काटे आणि डिंक घेऊन बसली. आधी कापूस भिजवला आणि जोतीरामचा लाल ठिपका डाग समजून पुसून काढला. कितीतरी मांडवांतून जपलेला ठिपका, एका घासण्यात गेला.

तिचे आज्जा, नेमगोंडा, शेजारी शेंगा फोडत बसले होते. मूळचे शिरोळचे, आता नातीजवळ राहतात. ते म्हणाले, भोक पाडायच्या आधी वाजतंय का बघ तरी. तिनं हाताला येईल ती बाजू वर करून लावली. लागली पाठवणी.

नेमगोंडांच्या हातातली शेंग तशीच राहिली. गाणं संपलं. मग म्हणाले, "हे दीपाच्या लग्नातलं. मला शेवट तेवढा ऐकू आलता."

दीपा म्हणजे त्यांची लेक, आदितीची आत्या. तिचं लग्न मला चांगलं आठवतं. वऱ्हाडाचा ट्रॅक्टर उसाच्या सरीत रुतला होता आणि नेमगोंडा तो काढायला गेले होते. दोन्ही घरं जैन, रात्री जेवत नाहीत; वऱ्हाडाला दिवस मावळायच्या आत घरी पोचून जेवायचं, म्हणून निघायची घाई. ट्रॅक्टर निघाला, इंजिन बंद झालं, तेव्हा लांबून गाण्याच्या शेवटच्या दोन ओळी त्यांच्या कानावर आल्या. धावत आले तर जीप गेलेली. बापासाठी कुणी थांबलं नाही, हे त्यांच्या मनात रुतलं. पण विचारलं नाही कधी. लेकीकडे गेले तरी पाणी पिऊन तासाभरात परत.

मला खरं काय ते ठाऊक होतं. पण मला विचारतंय कोण? भिंतीवर टांगून वेळ तेवढी विचारणार होते.

आज्जानं मनातलं सांगितल्यावर आदितीनंच आत्याला स्पीकरवर फोन लावला आणि आज्जाच्या हातात दिला. नेमगोंडा म्हणाले, "दीपे, तुझ्या लग्नात मी यायच्या आत जीप हलवलीसा."

पलीकडून दीपा म्हणाली,

"आण्णा, गाणं तीनदा लावायला लावलंतं मी. एक पाय जीपच्या पायरीवर, आणि वाट तुमची. जोतीराममामा म्हणालं, पोरी, आता चौथ्यांदा लावलं तर माझी पिन मोडंल. मग निघालो."

"तीनदा?"

"तीनदा. तुमी ट्रॅक्टरसंगं लगीन लावत बसलासा, त्याला मी काय करू?"

नेमगोंडा हसले, आणि हसता हसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले. "विचाराय पाहिजे हुतं मी," एवढंच म्हणाले. "येतो उद्या. राहायला येतो."

आदितीनं काटे आणि आकडे पिशवीत भरले. जोतीराम हळदीच्या बाजूला लाल ठिपका द्यायचा, हे आज्जानं मांडवात पाहिलं होतं; ते त्यांनी तिला सांगितलं. मग स्वतःची नेलपॉलिशची बाटली आणून माझ्या हळदीच्या अंगाला नवा ठिपका दिला. जांभळट आहे. लाल मिळालं नसतं का बाजारात? पण हात हलका होता, ते मान्य.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूवर ठिपका दिसला, गाठ दिसली, रंगाची रेघ दिसली, तर पुसायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ती खूण कुणीतरी मुद्दाम केलेली असते, आणि ती वाचणारं माणूस अजून शेंगा फोडत बाजूलाच बसलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी आज्जाची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. मी फळीवर होते. आता मलाही कव्हर मिळालंय, साध्या खाकी कागदाचं. शेजारी ती दुसरी, झुळझुळीत. आज्जा निघताना आदितीचा हात फळीकडे आला. आधी तिच्यावरून फिरला, मग माझ्यावर थांबला. तिनं बिनठिपक्याची बाजू वर केली आणि पिन टेकवली. गाणं सुरू व्हायला अजून अवकाश होता. तेवढ्या खरखरीत मी तिला मोठ्यानं सांगून घेतलं:

"आदिती, पोरी, हात तुझा चांगला आहे, पण नजर कच्ची आहे. जिला कुणी लावलंच नाही, तिला तू जपतेस. मी माणसांत झिजले आहे, मला लावत राहा. आणि घड्याळच करायचं असेल, तर तिचं कर."