पाण्याशी अडलेली घोडी

व्हर्नानं टाच मारली. टॅन्सी दोन पावलं पाण्यात गेली आणि गपकन थांबली. तिच्या गळ्यातली घंटा एकदाच वाजली. मागं काठावर उभ्या असलेल्या सगळ्या घोड्यांनी कान टवकारले, पण एकानंही पाऊल उचललं नाही.

"चल गं बाई, चल. गुडघाभर तर पाणी आहे. तुझी आजीसुद्धा इथूनच जायची."

घोडीनं पाणी हुंगलं, अंग आखडलं आणि मागं सरत सरत पुन्हा काठावर आली. सकाळपासून हेच चाललं होतं.

ट्रकला टेकून उभा असलेला पर्विस हसला. घोड्यांचा व्यापारी तो, त्याला काय घाई!

"दुधानं तोंड पोळलंय तिचं, व्हर्नाबाई. आता ताकही फुंकूनच पिणार ती."

"तू तुझ्या ट्रकचं बघ. रिकामाच न्यायचाय तुला तो."

बोलायला बोलली, पण ऊन किती चढलंय ते तिनं मान वर करून पाहिलं. नदी उतरून महिना झाला होता. टेक्सासच्या त्या डोंगराळ मुलखात असा पूर कुणी पाहिला नव्हता. तिच्या उन्हाळी कॅम्पच्या खालच्या खोल्या गेल्या, स्वयंपाकघर गेलं, पूल तर औषधालाही उरला नाही. कॅम्पची मुलं तेव्हा आलेली नव्हती, एवढंच नशीब. नव्या खोल्या आता पलीकडच्या उंचवट्यावर उभ्या राहत होत्या, आणि तिकडं जायचं तर घोड्यावर बसून याच पाण्यातून. घंटेवाली घोडी उतरली की कळप आपोआप मागं येतो. ती अडली, की सगळंच अडलं.

मुलगा हॉलिस म्हणत होता, घोडे विकून टाकू. ती म्हणत होती, माझ्या मढ्यावरून विक. शेवटी भांडून भांडून दोघं दमली आणि एका गोष्टीवर आली. आज दुपारच्या आत टॅन्सीनं कळप पलीकडं नेला तर उन्हाळ्यात कॅम्प भरेल. नाही नेला, तर घोडे पर्विसच्या ट्रकमध्ये चढतील.

पुरात तबेल्याचं फाटक उघडायला व्हर्नाच गेली होती. पाण्यानं तिला आणि टॅन्सीला एकदमच ओढलं. घोडी खाली नदीच्या वळणावर सापडली, व्हर्ना पेकानच्या झाडावर. "बरं झालं, फुकटात नदी पाहिली," असं तिनं गावभर सांगितलं. लोक हसले आणि विषय मिटला.

"आणखी एकदा," ती म्हणाली आणि घोडी वळवली.

हॉलिस आपल्या घोड्यावरून खाली उतरला होता. या वेळी तो टॅन्सीकडं बघतच नव्हता. पाण्याच्या कडेशी येताच आईच्या मुठी लगामावर आवळल्या आणि तिचे गुडघे खोगिराला चिकटले. घोडी थांबली.

"आई, उतर."

"का म्हणून? अजून दुपार व्हायचीय."

"उतर म्हणतोय ना."

"तुला झालीय घाई विकायची!"

त्यानं हात पुढं केला. ती हाताला न शिवता उतरली. हॉलिसनं लगाम सैल करून टॅन्सीच्या मानेवर गाठ मारून टाकला आणि तिच्या पुठ्ठ्यावर हलकी थाप दिली.

टॅन्सी पाण्यात शिरली. मधे थांबून निवांत पाणी प्यायली, शेपटी झटकली आणि चालू लागली. घंटा वाजत राहिली. एकामागून एक घोडा पाण्यात उतरला. बघता बघता सगळा कळप पलीकडं चरायला लागला.

"घोडी तर ठणठणीत आहे की!" पर्विस म्हणाला. मग त्याची नजर व्हर्नाकडं गेली. टोपी सारखी करत तो ट्रकमध्ये जाऊन बसला.

व्हर्ना तशीच उभी होती. जिंकली होती ती, पण पाय काही हलत नव्हते. वाहणाऱ्या पाण्याची भीती तिलाच वाटत होती, घोडीला नाही. भीतीपेक्षा जास्त लाज वाटत होती, की महिनाभर बिचाऱ्या मुक्या जनावरावर खापर फोडलं. आणि हॉलिसनं ते ओळखलं होतं. गप्प बसला असता, तर घोडे विकले जाऊन आज त्याच्या मनासारखं झालं असतं.

ट्रक रिकामाच खडखडत गेला.

हॉलिस घोड्यावर बसून तिच्याजवळ आला. पलीकडच्या काठावर नजर ठेवून त्यानं डावा पाय रिकिबीतून काढून घेतला. ती रिकीब तिच्यासमोर मोकळी लोंबत राहिली.

"दोघं झेपतील का तुझ्या घोड्याला?" तिनं विचारलं.

"त्यालाच विचार."

तिनं बराच वेळ लावला. मग रिकिबीत पाय घातला, त्याच्या मागं चढून बसली आणि त्याचा कमरपट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"हॉलिस."

"हं?"

"हळू ने रे."

घोड्यावर बसून हे ती जन्मात पहिल्यांदाच म्हणत होती.