कपबशीचा आवाज

जिजाबाईंनी गळ्याजवळचं बटण काजात ढकललं आणि हनुवटीला बोट लावून नवऱ्याचं तोंड आणखी वर केलं. प्रभाकरराव आढ्याकडे बघत उभे होते, हार घालून घेणाऱ्या पुतळ्यासारखे. जिजाबाई आपल्याच तंद्रीत गुणगुणत होत्या:

काजात शिरे बटण, जसा कणसात दाणा,
माझ्या चुड्याआड लपे गं, घरधनी शहाणा.

"काय गुणगुणून राह्यली वो?"

"काई नाई जी. वर पाहा."

प्रभाकररावांचा उजवा हात थरथरायचा. आधी बोटं, मग पंजा, आणि अलीकडे वारं सुटलेल्या पिंपळपानासारखा मनगटापासून सगळाच. हे जगात दोघांनाच ठाऊक, असं दोघंही धरून चालले होते. अल्लीपूर मात्र वेगळंच समजत होतं. माजी सरपंच पाण्याचा पेलाही हातानं उचलत नाहीत, बायकोनं तोंडाशी न्यावा लागतो, म्हणून गाव त्यांना माजोरी म्हणत होतं. प्रभाकररावांना ते चालत होतं. लुळा म्हणण्यापेक्षा माजोरी म्हटलेलं बरं. त्यात निदान रुबाब आहे. लग्नात बुफे असला की ते म्हणायचे, "आपण उभ्यानं जेवत नाई." पंगत असली की त्यांचा उपास निघायचा. त्यांच्या उपासाला वार पुरेनात. जिजाबाईंनी सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवू म्हटलं की ते म्हणत, पुढच्या महिन्यात. आणि तो पुढचा महिना काही कॅलेंडरात उगवत नव्हता.

पण आज नातीनं घात केला होता. नंदिनीच्या बालमंदिरात आजी-आजोबांचा दिवस होता. "आबाजी येतीन," असं ती परस्पर सांगून आली होती, आणि चार वर्षांच्या माणसाला उपासाचं कारण चालत नाही.

"मी भाषण करून देतो," प्रभाकरराव वाटेत म्हणाले. "हात मागं बांधून. भाषण झालं का उठू."

"बरं जी," जिजाबाई म्हणाल्या.

बालमंदिर जुन्या जिनिंगच्या आवारात भरत होतं. कधीकाळी जिथं कापसाचे गठ्ठे रचलेले असत, तिथं आता गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा उभा होता. दारातच नंदिनीनं आबाजींच्या चपला जोडीनं, भिंतीला टेकवून ठेवल्या. मग गुंडाळलेली चटई आणली, उलगडली, कोपरे दाबले आणि म्हणाली, "बसा. चटईच्या कडेनं या. मधून नाई."

भाषण कोणालाच नको होतं. माईक नव्हता, हार नव्हता, खुर्चीही नव्हती. समीक्षाताई, म्हणजे शाळेच्या बाई, इतक्या हळू बोलत होत्या की मोठी माणसं आपोआप पुढं वाकत.

"आज मुलं काम करतील. आपण फक्त बघायचं. मदत करायची नाही."

हे सगळ्यांत जड गेलं रुख्माबाईंना. त्यांचा नातू हर्षित एका तांब्यातून दुसऱ्या तांब्यात डाळ ओतत होता. जीभ ओठाबाहेर, डोळे धारेवर. रुख्माबाईंचा हात दोनदा पुढं गेला आणि दोनदा मागं आला.

"अवं माय, धार वाकडी जाऊन राह्यली ना! आण इकडं, मी टाकून देतो."

"आजी," हर्षित वर न बघता म्हणाला, "हे माझं काम आहे. हात मांडीवर."

रुख्माबाईंनी हात मांडीवर ठेवले आणि आजूबाजूला पाहिलं, म्हणजे हा अपमान आहे की कौतुक, हे कोणाच्या तरी तोंडावरून कळावं. नजर प्रभाकररावांवर पडली तशी झटक्यात वळवली. त्यांच्या लेकीच्या लग्नात या माणसानं त्यांच्या हातचा पेढा घेतला नव्हता. तेव्हापासून बोलणं बंद होतं.

मग चहा आला. एकेक मूल एकेक कपबशी दोन्ही हातांत धरून, देवाची पालखी यावी तसं पावलापुढे पाऊल टाकत येत होतं. नंदिनी आली. तिच्या कपातला चहा तळ्यासारखा निश्चल होता. सवयीनं जिजाबाईंचा हात मध्ये आला.

"आजी, हा आबाजीचा आहे," नंदिनी म्हणाली. "दोन्ही हातांनी घ्या, आबाजी."

ती तशीच उभी राहिली. तिला काही घाई नव्हती. प्रभाकररावांनी पंचायतीत कितीतरी संकटं टोलवली होती, पण ही टोलवता येईना. त्यांनी कपबशी घेतली. आता पटकन खाली ठेवावी म्हणून ते वाकतात न वाकतात तोच समीक्षाताईंनी पंखा बंद केला.

"चहा जरा निवू द्या. तोवर मौनाचा खेळ. डोळे मिटा. कोणी हलायचं नाही. काय काय ऐकू येतं ते ऐकायचं."

सगळ्यांनी डोळे मिटले. प्रभाकरराव कपबशी धरून अर्धवट वाकलेले, तसेच राहिले.

खोलीत शांतता पसरली. शेतात पाणी शिरतं तशी, सरीसरीनं, कोपऱ्याकोपऱ्यात. आणि त्या शांततेत सुरू झालं: किण्, किण्, किण्किण्किण्.

त्यांनी श्वास धरला. कपबशी जोरात वाजू लागली. ते खोकले. हर्षितनं मिटल्या डोळ्यांनीच ओठावर बोट ठेवलं. जिजाबाईंच्या घशाशी गाणं आलं, पण तेही गिळावं लागलं. चहा बशीत, बशीतून चटईवर. प्रभाकररावांना वाटलं, सरपंचकीची सगळी वर्षं त्या कपातून थेंबाथेंबानं गळून चालली आहेत.

"आता डोळे उघडा," समीक्षाताई पुटपुटल्या. "कोणी काय ऐकलं?"

"कबुतर," एकजण म्हणाला.

"रुख्माआजीचं पोट," हर्षित म्हणाला. "गुर्रर्र केलं."

"मेल्या!" रुख्माबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

नंदिनीनं शहाण्यासारखा हात वर केला होता.

"आबाजीची कपबशी. ती घरी नेहमीच वाजते. आबाजीचा हात थरथरते ना. आजी गाणं म्हणते तेव्हा ऐकू नाई येत."

प्रभाकररावांनी मान खाली घातली. आता हसतील. त्यांनी वाट पाहिली. कोणी हसलं नाही. मुलांना त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. कबुतर घुमतं, पोट गुरगुरतं, आबाजी वाजतात. एक पोरगी मात्र सरकत पुढं आली.

"परत वाजवा ना."

रुख्माबाई बघतच राहिल्या. मग त्यांचा आवाज भांडणाच्या सुरात चढला, पण वाट चुकून भलतीकडे गेला.

"अन् मी गावभर म्हणत फिरली, माणूस मातला! पेढा यासाठी नाई घेतला का जी? बोलता नाई येत होतं? तोंड तर चांगलं चालते तुमचं!"

तेवढ्यात नंदिनीनं पिवळा स्पंज आणून प्रभाकररावांच्या पुढ्यात ठेवला.

"सांडलं का ज्याचं त्यानं पुसायचं. मग जागेवर ठेवायचं."

त्यांनी स्पंज घेतला. पुसण्याच्या कामाला थरथर आड येत नाही, असं त्यांच्या ध्यानात आलं; उलट काम जरा लवकरच उरकतं. चटई पुसून झाली तेव्हा रुख्माबाई म्हणाल्या, "आमच्याकडचंही सांडलं आहे थोडं." बऱ्याच वर्षांनी त्या त्यांच्याशी नीट बोलल्या त्या अशा.

शाळा सुटल्यावर तिघं घरी आली. दुपारी जिजाबाई दमून भिंतीला टेकल्या. नंदिनी ओंजळीतले शेंगदाणे सोलत होती. प्रभाकरराव खाटेवर बसले होते. त्यांनी सवयीनं तोंड उघडलं, "अवं, पाणी..." आणि मिटलं.

खाट करकरली. ते उठले. स्वयंपाकघरात तांब्या पेल्याला लागला आणि वाजू लागला. जिजाबाई गुणगुणल्या नाहीत. त्यांनी उठायला गुडघा वर घेतला.

"आजी," नंदिनी म्हणाली, "हात मांडीवर."

जिजाबाईंनी हात मांडीवर ठेवले. आत पाणी ओतल्याचा आवाज आला, मग फरशीवर पडल्याचा, मग पुन्हा ओतल्याचा. बऱ्याच वेळानं प्रभाकरराव दारात आले. सदरा पोटापर्यंत भिजलेला, दोन्ही हातांत पेला, पेल्यात अर्धं पाणी. तो त्यांनी जिजाबाईंसमोर धरला.

जिजाबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

प्रभाकरराव मागं वळून ओल्या फरशीकडे पाहत राहिले. मग घरात पाहुणा म्हणून आलेल्या माणसासारखं, जरा संकोचून विचारलं,

"फडकं कुठं असते वो आपल्या घरी?"

"त्याच्या जागेवर," जिजाबाई म्हणाल्या, आणि बसल्या जागेवरून उठल्या नाहीत.