बळीरामच्या अंगठ्यापायी

मी गुळवेल बोलतेय. वसईजवळ होळी नावाचं गाव आहे, रंगांचं नव्हे, भाजीच्या वाड्यांचं. तिथे बळीरामच्या वाडीतल्या कडुनिंबावर मी वाढले. मला कुणी लावलं नाही की पाणी घातलं नाही. तेरा वर्षं मी इतकी गुपचूप चढले की मी त्याच्या झाडावर आहे हे बळीरामलाही ठाऊक नव्हतं.

ओळख झाली ती त्याच्या पायाच्या अंगठ्यामुळे. एका सकाळी तो बीटासारखा लाल होऊन फुगला. पंख्याचं वारं लागलं तरी बळीराम कळवळायचा. डॉक्टरांनी गाऊट सांगितला, रक्तात युरिक ॲसिड वाढलंय म्हणाले, गोळ्या दिल्या, सुकी मासळी आणि बिअर टाळायला सांगितलं. सूज उतरली आणि बळीरामने गोळ्या बंद केल्या.

मग पापडीहून त्याचा मित्र क्लेमेंट आला. "गोळ्या कशाला? निंबावर गुळवेल हाय. काढा पी. आमची आजी सगळ्यांना द्यायची."

"तिला गाऊट होता?"

"नाय. पन बघ ना, तिला कधीच झाला नाय."

बळीरामला हे पटलं. रोज माझी एक कांडी तुटू लागली. सकाळी तो नाक धरून काढा प्यायचा, दुपारी सुक्या बोंबलांवर ताव मारायचा आणि संध्याकाळी क्लेमेंटबरोबर बिअर घ्यायचा. "काढा हाय ना," असं दोघं एकमेकांना सांगत. माझ्यावर एवढा विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता. खरं सांगते, मी जरा फुगलेच.

मुलीच्या, दिपिकाच्या साखरपुड्याला आठ दिवस उरले असताना अंगठा पुन्हा सुजला, सोबत गुडघाही.

"अवो, पोरीच्या सासरच्यांना खाटेवरूनच हात जोडनार काय?" भागूबाईने नवऱ्याला विचारलं.

"काढा वाढव," बळीराम म्हणाला.

एका कांडीच्या चार झाल्या. कोयता बुंध्याशी आला. आता याचा पाय राहतो की मी, अशी वेळ होती.

शेवटी दिपिकाने क्लेमेंटच्याच मुलीला, डॉक्टर सालोमीला बोलावून आणलं. बळीराम निंबाखाली खाटेवर होता. तिने पाय पाहिला.

"बळीकाका, गोळ्या कधी सोडल्या?"

"गुळवेल पितो ना."

"जुन्या ग्रंथांत वातरक्तावर, म्हणजे गाऊटसारख्या दुखण्यावर, गुळवेल सांगितलीय, खरंय. उंदरांवरच्या प्रयोगांत सूज कमी झालेली दिसते. पण माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान. त्यावर विसंबून गोळी सोडू नका. शिवाय ही घेतल्यावर काहींच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत."

पानं मिटता आली असती तर मी तेव्हाच मिटून घेतली असती.

"म्हणजे झाडपाला सगळा खोटा?" क्लेमेंट दुखावला.

"नाही पप्पा. गाऊटच्या सुजेवरचं एक जुनं औषध वनस्पतींतूनच मिळतं. आपल्या कुंपणावरच्या कळलावीतसुद्धा ते असतं. पण ते शुद्ध करून, मोजून द्यावं लागतं. तिचा कंद तसाच खाल्ला तर माणूस जातो."

कळलावी. माझ्यासमोर, माझ्याच निंबाखाली, त्या नखरेल फुलांच्या बाईचं कौतुक. क्लेमेंट हळूच कुंपणाकडे निघाला.

"पप्पा, बसा खाली," सालोमी म्हणाली.

रक्त तपासलं, गोळ्या सुरू झाल्या, काढा आणि बिअर बंद. साखरपुड्याला बळीराम लंगडत का होईना, आपल्या पायांनी मांडवात फिरला. व्याह्यांनी विचारलं, "बरे कशाने झालात?"

बळीराम छाती काढून म्हणाला, "गुळवेलीने."

दुसऱ्या दिवशी सात जण कोयते घेऊन वाडीत हजर. भागूबाई आडवी उभी राहिली. नवऱ्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं तिने सुतळीत ओवून माझ्या बुंध्याला बांधली आणि म्हणाली, "हा बरा झाला तो ह्याने. पयले हे वाचा."

तेव्हापासून मी ही चंदेरी माळ घालून उभी आहे. तुटल्या जागी कोंब आलेत. माझ्यात नेमकं काय आहे, ते मलाही नीट ठाऊक नाही. शोधणारे शोधतील. तोवर मला वाढू द्या, आणि तुम्ही तुमची गोळी घ्या.