बेदाण्याच्या शेडमधलं गाणं

सुमंत वाईट माणूस नव्हता. वाईट व्हायलासुद्धा थोडा कणा लागतो, तो त्याच्याकडं नव्हता. तासगावात द्राक्षाची बाग, बेदाण्याची शेड, सांगलीच्या कॉलेजातली पदवी, प्रेमविवाहाची बायको. एवढं सगळं असून आईपुढं उभा राहिला की गडी मिठाची गुळणी धरायचा.

बायको मयूरी सांगलीची. लग्नाआधी ती भाऊ अवधूतच्या रॉक बँडमध्ये गायची. गायची म्हणजे काय, दोन ओळी कुजबुजायची आणि तिसऱ्या ओळीला घशातून अशी खरखरीत आरोळी काढायची की पुढच्या रांगेतले प्राध्यापक दचकायचे. ह्याला न्यू मेटल म्हणतात, असं अवधूत ज्याला त्याला सांगायचा. त्याच आवाजावर सुमंत भाळला होता. लग्नानंतरही गात राहा, असं त्यानं तिला वचन दिलं. आणि आईला सांगितलं की तिनं गाणं आपणहून सोडलं. नव्व्याण्णव साल उजाडलं तरी त्याचे पाय दोन्ही डगरींवर होते.

शेवटी मयूरीनं त्याच्यावरच गाणं रचलं आणि पहिल्यांदा त्यालाच ऐकवलं. तो खजील झाला, छान आहे म्हणाला. रविवारी सांगलीत बँडची स्पर्धा होती. तालीम कुठं करू, असं तिनं विचारल्यावर शेडची वाटही त्यानंच दाखवली. माल अजून यायचा आहे, तिकडं कुणी फिरकत नाही, आईला स्पर्धेचं मी सांगतो, तू काळजी करू नकोस.

त्यानं सांगितलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

शुक्रवारी दुपारी शेडमधल्या द्राक्षं वाळवायच्या जाळ्या झटकायला आलेल्या बायकांनी ती आरोळी ऐकली आणि घराकडं धूम ठोकली. सुमंतची आई उमाबाई धावत आली. बघते तर सून एकटीच जाळ्यांच्या रॅकपुढं उभी, केस सुटलेले, डोळे मिटलेले, आणि तोंडातून येणारा आवाज बाईमाणसाचा वाटेना. उमाबाईनं लगोलग कोंडीबा देवऋषाला बोलावणं धाडलं. कुणाला बाहेरचं लागलं, कुणाच्या अंगात आलं, की आसपासच्या गावांत त्यालाच बोलवत.

मयूरीनं आधी हसून, मग हात जोडून सांगितलं की हे गाणं आहे. पण बाहेरचं लागलेलं माणूस मला काही झालं नाही असंच म्हणतं, हे तिथं सगळ्यांना पाठ होतं. सुमंत बागेतून आला तेव्हा दोघी बायकांनी तिचे दंड धरले होते, शेगडीत निखारे फुलले होते आणि कोंडीबाच्या मुठीत सुक्या मिरच्या होत्या. नवऱ्याला बघून मयूरीच्या जिवात जीव आला.

"यांना माहीत आहे," ती म्हणाली. "अहो, सांगा ना. हे माझं गाणं आहे."

"व्हय का, मालक?" कोंडीबानं विचारलं. "गाणं असंल तर मी आत्ता उठतो. पोरीला उगं धुरी द्यायची मला हौस न्हाई."

इतकी सोपी वाट देवानंही कुणाला काढून दिली नसेल. नुसतं हो म्हणायचं होतं. पण त्या होच्या मागून आईचे प्रश्न येणार होते. गाणं सोडलं होतं ना? शेडची वाट कुणी दाखवली? आणि गाण्यात बोल कुणाला लावलेत? आई टक लावून बघत होती.

"मला न्हाई काय माहीत," सुमंत म्हणाला.

मयूरी त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं धडपड थांबवली.

कोंडीबानं मिरच्यांची मूठ निखाऱ्यांवर धरली आणि दरडावलं, "बोल, कोण हायस तू?"

ती बोलली. आधी कुजबुजत, गाण्यात होतं अगदी तसं. "माझ्यापुढं एक बोलतोस. त्यांच्यापुढं दुसरंच बोलतोस." आणि मग आरोळी उठली, "बोल! एकदा तरी बोल!"

वरचे पत्रे थरथरले. दंड धरणाऱ्या बायकांचे हात गळाले. उमाबाईनं पदर पसरला. कोंडीबानं मिरच्या खाली ठेवून हात जोडले. सगळ्यांना वाटलं, देवी बोलते आहे. ती कुणाला बोलते आहे ते एकट्या सुमंतला कळत होतं, आणि त्यालाही सगळ्यांबरोबर हात जोडावे लागले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कडव्यामागून कडवं झालं. सुमंत शेवटच्या कडव्याची वाट बघत होता. त्यात ती म्हणायची, तरी मी थांबते, तुला कंठ फुटेपर्यंत थांबते. मयूरीनं ते कडवं म्हटलंच नाही.

"मला सांगलीला सोडा," ती साध्या आवाजात म्हणाली.

देवीनं मागितलं ते द्यायचं असतं, असं कोंडीबानं बजावलं. उमाबाईनं स्वतःच्या हातानं सुनेची ओटी भरली, बॅग सुमंतच्या जीपमध्ये ठेवली.

सांगलीच्या रस्त्याला लागल्यावर सुमंत बोलू लागला. मी सांगणारच होतो, आईपुढं सुचलं नाही, रविवारी मी पुढच्या रांगेत बसतो, सोमवारी तुला न्यायला येतो. वर्षभरात तो एवढा बोलला नव्हता. मयूरी खिडकीतून बाहेर बघत ऐकत होती. अवधूतच्या दारात ती उतरली तेव्हा त्याला राहवलं नाही.

"शेवटचं कडवं राहिलं," तो म्हणाला. "विसरलीस का?"

"नाही," मयूरी म्हणाली. "तू माहीत नाही म्हणालास, तेव्हाच मी ते काढून टाकलं. रविवारी ये ऐकायला. गाणं आता त्याच्या आधीच संपतं."